वरच्या मजल्यावरचा गाळा

लातूर,
२० ऑगस्ट १९८२

ती. अक्का यांना रेणुकादासचा नमस्कार.

रेडिओवर ऐकलं असेलच. लातूर जिल्हा झाला. गोलाईच्या बाजारात फटाके उडाले, पेढे वाटले, आणि आमच्या तहसील कचेरीत त्या दिवशी कोणी फाइलीला हात लावला नाही. आता साध्या कागदासाठी उस्मानाबादची गाडी पकडायला नको. निम्मा जन्म त्या गाडीत गेला.

पत्र लिहायचं कारण मात्र दुसरं आहे. गोलाईमागची आप्पांची मोकळी जागा तुम्हाला आठवत असेल. बाजारच्या दिवशी तिथे गाड्या सुटायच्या, एरवी गाढवं लोळायची. त्या जागेचा भाव गेल्या आठवड्यापासून कोणी विचारावा आणि मी ऐकून बसावं, असं चाललं आहे. मुरुडचे दोन व्यापारी येऊन पावलांनी मोजून गेले. कलेक्टर कचेरी आपल्याच अंगाला येणार असं सगळे म्हणतात. ती आली की वकील आले, झेरॉक्सवाले आले, खानावळी आल्या, नव्या बँका आल्या. जागा विकण्यापेक्षा आपणच बांधावं असा माझा विचार आहे. खाली गाळे, वर ऑफिसं.

बँक कर्ज देते म्हणते, पण आप्पांनंतर उताऱ्यावर आपली दोघा भावंडांची नावं आहेत. मॅनेजरांचं म्हणणं, एकाच नावावर असेल तर काम सोपं. आपल्याकडे बहिणी हक्कसोड करून देतातच, त्यात नवं काही नाही. तुम्ही आजवर इथलं कधी काही मागितलं नाही. हैदराबादला कॉलेजात गेलात, नांदेडला नोकरीला लागलात, आणि आप्पा असतानासुद्धा स्वतःच्या पायावर राहिलात. म्हणूनच सरळ लिहितो आहे. सवडीने सहीला यावं.

इंदू नमस्कार सांगते.

रेणुकादास

*

नांदेड,
४ सप्टेंबर १९८२

चि. रेणुकादास,

पत्र मिळालं. जिल्हा झाला हे चांगलं झालं. कलेक्टर कचेरी आपल्या अंगाला येणार हे कोण म्हणतं, ते तू लिहिलेलं नाहीस. "सगळे म्हणतात" हे उत्तर मी सातवीच्या मुलीकडूनही घेत नाही. तू सरकारी कचेरीत बसतोस. चौकशी कर.

दुसरं असं की, गाळे बांधले म्हणून धंदा येत नाही. पोळा झाला तरी इकडे पाऊस नाही. गोदावरीत घाटाच्या पायऱ्या संपल्यावरही बरंच चालत जावं लागतं, तेव्हा पाणी लागतं. तिकडे काही वेगळं असेल असं वाटत नाही. आडतीवर माल आला नाही तर गाळ्यात कोण बसणार?

बांधायला माझा विरोध नाही. नकाशा पाठव. तो पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

मी मे अखेर निवृत्त होते आहे. शाळेच्या आवारातली क्वार्टर तेव्हाच सोडावी लागेल. नवीन मुख्याध्यापिका येतील. पुढे राहायचं कुठे ते अजून ठरलेलं नाही. ते माझं मी पाहीन.

इंदूच्या गुडघ्याचं काय झालं?

अक्का

*

लातूर,
१७ ऑक्टोबर १९८२

ती. अक्कांना सप्रेम नमस्कार.

नकाशा सोबत पाठवतो आहे. इंजिनिअरने निळ्या कागदावर काढून दिला आहे, जपून उघडा. खाली रस्त्याच्या बाजूने गाळे, मधून जिना, वर चार खोल्या ऑफिससाठी. वरची कोपऱ्यातली सगळ्यात मोठी आहे. ती एखाद्या सरकारी खात्याला भाड्याने जावी अशी इच्छा आहे. सरकारी भाडेकरू उशिरा देतो पण बुडवत नाही.

पावसाचं तुम्ही म्हणता ते खरं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. आडतीवर हमाल पत्ते खेळतात. पण अक्का, पगाराला पाऊस लागत नाही. नवे साहेब येऊन राहिलेत, त्यांचे कारकून, त्यांचे शिपाई. त्यांना घरं लागतात, किराणा लागतो, पोरांना वह्या लागतात. उलट यंदा ज्यांच्याकडे चार पैसे आहेत ते शेतात न घालता इकडे जागेत घालत आहेत. रान सुकलं आणि गाव वाढतं, असं उलटंच चित्र आहे.

तुमची निवृत्ती आली हे वाचून मन भरून आलं. एवढ्या वर्षांची नोकरी. आता मोकळ्या झालात. काशीला जाऊन या, दक्षिणेत फिरा. नांदेडला तुमचं एवढं नाव आहे, तिथले लोक तुम्हाला सोडतात कुठे! आम्हाला काळजी नाही.

इंदूचा गुडघा तसाच.

रेणुकादास

*

नांदेड,
६ नोव्हेंबर १९८२

चि. रेणुकादास,

नकाशा पाहिला. खालचे गाळे ठीक आहेत. वरच्या मजल्याबद्दल लिहिते.

जिना फार अरुंद आणि उभा आहे. पायऱ्या उंच आहेत. तरुण माणूस दोनदा चढेल, वयाचं माणूस एकदाच चढेल आणि पुन्हा उतरणार नाही. रुंदी वाढव. मध्ये एक विसावा ठेव.

वर कुठेच मोरी नाही. कोपऱ्यातल्या खोलीत एक लहानशी मोरी काढता येईल, मी पेन्सिलीने खूण केली आहे. तिथेच रांजण ठेवण्यापुरती जागा राहते.

त्या खोलीला खिडकी पश्चिमेला आहे. लातूरच्या उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे बसणं शक्य नाही. खिडकी पूर्वेला घे. पूर्वेकडून गोलाईचा रस्ता दिसेल, माणसांची ये-जा दिसेल.

हे बदल करून नकाशा पुन्हा पाठव.

दिवाळीला इथेच आहे. शेजारच्या क्वार्टरमधल्या सुमनबाई, ज्यांच्याबरोबर मी रोज संध्याकाळचा चहा घेत असे, त्या गेल्या महिन्यात निवृत्त होऊन हिमायतनगरला गेल्या. त्यांच्या मुलांनी तिथे घर बांधलं आहे. बाबासाहेबांची तसबीर त्यांनी शेवटपर्यंत सामानात बांधू दिली नाही, मांडीवर घेऊनच त्या एस.टी.त बसल्या. मी स्टँडवर गेले होते. आता त्या क्वार्टरला कुलूप आहे. आवारात संध्याकाळी शिपाई असतो, पण तो बोलणाऱ्यातला नाही. मीही नाही.

फराळ पाठवू नका. पार्सल फोडलेलं येतं.

अक्का

*

लातूर,
९ जानेवारी १९८३

ती. अक्कांना नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला. रागावू नका. पायाभरणी केली, खालचा मजला उभा राहिला, आणि वरच्या भिंतींपाशी पाण्यात अडकलो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि बांधकामाला विहिरीचं पाणी वापरायचं नाही असा हुकूम. विटा भिजवायला पाणी नाही, भिंतीवर मारायला पाणी नाही. रात्रीतून टँकर आणून काम करतो. मिस्त्री मलप्पा उदगीरकडचा, तोंडाने फटकळ पण हात चांगला. तो म्हणतो, साहेब, ही भिंत न्हाई, वाळलेली भाकर हाय.

तुमच्या सूचना मी त्याला वाचून दाखवल्या. विसाव्याचं ऐकून तो डोकं खाजवत बसला. मोरीचं ऐकल्यावर म्हणाला, "हाफिसात कोण आंघोळ करतंय, साहेब?" आम्ही सगळेच हसलो. अक्का, तुमचं बारीक लक्ष मला ठाऊक आहे, शाळेची इमारत तुम्हीच उभी करून घेतली होती. पण ऑफिसला मोरी दिली तर तेवढी भाड्याची जागा जाते. जिन्याचंही तेच. उलट इंजिनिअरने जिना अजून थोडा आवळून खाली एक पानटपरीपुरता गाळा काढून दिला. कचेऱ्यांतले कारकून तरुण असतात, पळत चढतील. खिडकी पूर्वेला घेतली तर शेजाऱ्याची हरकत येईल, म्हणून ती राहू दिली.

आता अडलं आहे ते फक्त सहीसाठी. बँकेने पहिला हप्ता दिला, पुढचा कागद पुरा झाल्यावर देणार आहे. मजूर रोजगार हमीच्या कामावर निघून गेले तर पुन्हा मिळायचे नाहीत. एका दिवसासाठी या.

रेणुकादास

*

नांदेड,
२२ जानेवारी १९८३

चि. रेणुकादास,

येत्या महिन्यात पहिल्या शनिवारी येते. सकाळच्या गाडीने निघेन. रजिस्ट्रारकडे साक्षीदार तयार ठेव. मी तिथे ताटकळत बसणार नाही.

जिना आवळलास हे चूक केलंस. निदान कठडा तरी घाल, हाताला धरता येईल असा. लोखंडी नको, उन्हात भाजतो.

इथे दोन-तीन ठिकाणी खोल्या पाहून आले. वजिराबादेत एक बरी होती. मालकाने विचारलं, घरात कोण कोण? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, बाई, आमची मुलगी तुमच्याच हाताखाली शिकली, पण खोली फॅमिलीला द्यायची आहे. दुसरीकडेही तेच. त्यांच्याशी वाद घातला नाही.

अक्का

*

लातूर,
२० फेब्रुवारी १९८३

ती. अक्कांना नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात, आणि बँकेचं काम दुसऱ्याच आठवड्यात मोकळं झालं. रजिस्ट्रारने "राजीखुशीने देता का" विचारलं तेव्हा तुम्ही ज्या आवाजात "म्हणजे काय" म्हणालात, त्याची कचेरीत अजून चर्चा आहे. बिचारा उठून उभाच राहिला होता.

एक रात्र तरी राहायला हवं होतं. इंदूने पुरण शिजायला घातलं होतं. चारच्या गाडीचा हट्ट धरलात. सहामाही तपासायची राहिली म्हणालात, पण सहामाही तर दिवाळीलाच होते ना? असो, शाळेची कामं आम्हाला काय कळणार.

वरच्या मजल्यावर तुम्ही बराच वेळ होता. मी खाली मलप्पाला म्हटलं, आता काही खरं नाही, अक्का भिंतींचा ओळंबा तपासत असणार. तो घाबरून तंबाखू थुंकून आला. तुम्ही खाली येऊन काहीच बोलला नाहीत, तेव्हा आम्ही दोघांनी ते सर्टिफिकेट समजून घेतलं.

वरच्या खोल्यांचं एका सरकारी ऑफिसशी जवळजवळ ठरलं आहे. गिलावा झाला, फरशी बसतेय. खालचे गाळेही उचलले जातील. सगळं ठीक आहे.

रेणुकादास

*

लातूर,
२७ मार्च १९८३

वन्सं, इंदूचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, हे लिहिलेलं यांना माहीत नाही. ते कचेरीत गेलेत, आणि पोष्टाचा डबा आमच्या दारातच आहे.

आधी इथलं खरं सांगते, कारण तुमचे भाऊ सांगायचे नाहीत. कलेक्टर कचेरीची नवी इमारत गावाच्या पार दुसऱ्या अंगाला होणार असं पक्कं झालं. ज्यांनी वरच्या खोल्या घ्यायचं कबूल केलं होतं ते तिकडे गेले. मुरुडचे व्यापारी फिरकले नाहीत, मी माझ्या भावाकडून चौकशी केली, ते म्हणतात पाऊस पडल्यावर बघू. खाली एकच गाळा गेला. रामकिशन म्हणून एक टँकरवाला आहे, त्याने ऑफिस थाटलंय. दुष्काळात त्याचाच तेवढा धंदा चाललाय. दिवसभर लोक त्याच्याशी भांडायला येतात, त्यामुळे आपली इमारत भरलेली दिसते. तुमचे भाऊ संध्याकाळी तिथे जाऊन समोरच्या दगडावर बसतात आणि रिकाम्या गाळ्यांकडे बघतात. घरी येऊन म्हणतात, सगळं ठीक आहे.

आता दुसरं. वन्सं, तुमची पत्रं आली की हे मोठ्याने वाचतात, कोर्टाची नोटीस आल्यासारखी. जिना अरुंद, मोरी नाही, खिडकी पूर्वेला. ते धास्तावतात. मी भाजी चिरता चिरता ऐकते. मला वाटायचं, या बाईला कशाला त्या कारकुनांच्या आंघोळीची काळजी?

मग तुम्ही आलात. चहाला बोलवायला मी वर आले तेव्हा तुम्ही पाठमोऱ्या होतात. कोपऱ्यात उभं राहून, पदर खोचून, दोन्ही हात लांब करून भिंतीला टेकवून पाहत होतात. मग थोडं सरकून परत. ओळंबा कोणी असा पाहत नाही. खाट मावते का, ते असं पाहतात. मी तशीच खाली उतरले आणि हाक मारली.

तुम्ही इथे राहायला यायचं म्हणता आहात का? हो की नाही तेवढं कळवा. आमच्या घरी राहा असं मी म्हणत नाही, खोटं कशाला बोलू. तीन खोल्या, त्यात लेक बाळंतपणाला आलेली. शिवाय तुम्ही दोन दिवसांत माझे डबे नीट लावायला घ्याल आणि तिसऱ्या दिवशी आपलं वाजेल. पण वरची खोली रिकामी आहे. मागण्याची तुम्हाला सवय नाही, आणि यांना न मागितलेलं ऐकू येत नाही. दोघं एकाच घरातली.

माझा गुडघा बरा आहे. उन्हाळ्यात बराच असतो.

इंदू

*

नांदेड,
१० एप्रिल १९८३

चि. रेणुकादास,

कलेक्टर कचेरीचं कळलं. कोणाकडून कळलं ते विचारू नकोस, आणि घरात त्यावरून आवाज चढवू नकोस. तू मला "सगळं ठीक आहे" असं लिहिलंस. ते यापुढे लिहू नये.

रिकामे गाळे तसेच धरून बसू नकोस. जिल्हा झाला आहे तो परत जाणार नाही. कचेरी दुसरीकडे असली तरी बाजार गोलाईतच राहील. एक-दोन पावसाळे नीट झाले की आडत चालेल, आणि मग लोकांना जागा लागतील. तोपर्यंत कमी भाड्याने दे, पण दे. बंद जागा लवकर खराब होते.

वरची कोपऱ्यातली खोली मी घेते. भाड्याने. करार कर, मुदत आणि भाडं बाजाराप्रमाणे लिही. भाऊ म्हणून सूट देऊ नकोस. त्या खोलीच्या भाड्यावर तू बँकेचा हप्ता धरला होतास, मला नकाशावरूनच ते समजलं होतं. म्हणून आजवर बोलले नाही. आता कोणी घेणारं नाही, तेव्हा मी घेतल्याने कोणाचं काही जात नाही. पेन्शन वेळेवर येते. मला पाऊस लागत नाही, हे तूच लिहिलं होतंस.

मोरीवाचून चालवून घेईन. बादलीने करता येतं. जिना दिवसातून एकदा चढेन. खिडकीला पडदा लावेन.

एका गोष्टीवाचून मात्र चालणार नाही. वरच्या सगळ्या खोल्यांना तू शटरं बसवली आहेस. मी आले तेव्हा ओढून पाहिलं. शटर बाहेरून कुलूप लावून जाणाऱ्या माणसासाठी असतं. संध्याकाळी धंदा संपला, ओढलं, निघाले. आतून ते लावता येत नाही. आत राहणाऱ्या माणसाचा त्यात विचारच नसतो. कोपऱ्यातलं शटर काढून तिथे लाकडी दार बसव. त्याला आतून कडी हवी.

मी तिथे राहायला येते आहे, रेणुकादास. ऑफिस काढायला नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी शाळेतून मोकळी होईन. सामान फार नाही.

सौ. इंदूस: तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर आहे. डब्यांचं तू लिहिलंस ते खरं आहे.

अक्का

*

लातूर,
१५ मे १९८३

ती. अक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र यावेळी मोठ्याने वाचलं नाही. वाचून इंदूच्या हातात दिलं. तिने ऑक्टोबरातलं माझं पत्र आठवतं का विचारलं. काशीला जा म्हणून लिहिलं होतं ते. मी बाहेर जाऊन बसलो.

करार केला आहे. भाडं बाजाराप्रमाणेच लिहिलं. नाही लिहिलं तर तुम्ही यायच्या नाहीत, एवढं आता मला समजतं.

मोरी काढायला घेतली आहे. नाही म्हणू नका, मलप्पाने पुरतं ऐकायच्या आतच भिंत फोडली. "आधी सांगायचं की साहेब, अक्का राहणार हायेत म्हणून. मग मी कशाला हाफिस बांधीत बसलो असतो इतके दिवस?" असं मलाच बोलून घेतलं. जिन्याचं काही करता येत नाही. तो चुकलाच. कठडा सागवानी केला आहे. रामकिशन म्हणाला, बाईंचा रांजण माझ्याकडे लागला. मी त्याला सांगितलं, पैसे घेतले नाहीस तर त्या तुला पायरीवर उभं करतील. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे.

दार काल बसलं. सुतार गेल्यावर मी आत जाऊन कडी लावून पाहिली. चांगली घट्ट बसते. मग तिथेच जमिनीवर बसलो. खोलीत काही नव्हतं. शेजारच्या तिन्ही खोल्या बंद, त्या कधी भरतील सांगता येत नाही. खाली टँकरवाल्याची भांडणं चालू होती, ती वरपर्यंत येत नाहीत. पश्चिमेचं ऊन भिंतीवर चढत गेलं. तासभर मला कोणी शोधलं नाही, कोणी हाक मारली नाही. अक्का, मला तिथे बसवेना. आणि तुम्ही पस्तीस वर्षं अशाच कुठल्या तरी खोलीत राहिलात आणि आम्हाला लिहीत आलात की ठीक आहे. मी ते दरवेळी खरं धरलं.

सुताराला परत बोलावलं. दाराला बाहेरूनही एक कडी लावून घेतली, वाजवायची. पितळी आहे, मोठी, बंबाच्या मुठीएवढी. मी रोज साडेनऊला कचेरीत जातो. वाट वाकडी होते थोडी, होऊ दे. जाताना वर येऊन वाजवीन.

दार उघडलंच पाहिजे असं नाही. आतून "हं" म्हणालात तरी मी खाली उतरेन.

रेणुकादास